बूम हातात घेण्याआधी

भावा, चॅनेलचा बूम, म्हणजे माईक, हातात आला की गावात ओळख वाढते, ते होऊ दे. पण कोल्हापुरातून बातमीदारी करायची तर आधी पंचगंगा शिकून घे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हे आकडे झोपेतही सांगता आले पाहिजेत. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. एक उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं, पण ते शहरापर्यंत यायला काही तास जातात. ‘कोल्हापूर बुडालं का?’ असा मुंबईहून डेस्कचा फोन येईल, तेव्हा हेच शांतपणे सांगायचं. बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे महापूर आला असं नाही. 2019 आणि 2021 ची गोष्ट वेगळी होती. घोटाभर पाण्यात गुडघ्यावर बसून पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, तर करूच नकोस. इथली माणसं चौकात गाठून विचारतात.

पाऊस सरला की ऊसदराचं आंदोलन. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, साखर उताऱ्यावर (उसातून किती टक्के साखर निघते त्यावर) कशी ठरते हे कळल्याशिवाय नेत्यापुढे बूम धरू नकोस. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया, नेत्याचा घे, पण आधी शेतकऱ्याचं बिल बघ.

अंबाबाईच्या किरणोत्सवात मूर्तीवर पडणारी किरणं मावळतीची असतात, जागा दुपारीच धर.

आणि पैशाचं. सुरुवातीला बहुधा स्ट्रिंगरच व्हावं लागेल, म्हणजे बातमी लागली तर मानधन. दर लेखी घे. पेट्रोल कोण देणार, तेही लाजू नकोस, विचार.