बुरशीला 'ओळखणं' की बुरशीची 'चाहूल लागणं'?

प्रश्न असा आहे की 'प्रतिकारशक्ती बुरशीला ओळखते' हे वाक्य बरोबर आहे का, कारण ओळखायला आधीची ओळख लागते, आणि जी बुरशी शरीरात पहिल्यांदाच शिरली तिच्याशी ना ओळख ना पाळख, मग तिथे 'चाहूल लागते' किंवा 'सुगावा लागतो' म्हणावं का.

माझ्या मते 'ओळखते' अगदी बरोबर आहे. मराठीत आपण ओळखीच्या माणसाला ओळखतो तसंच कोडंही ओळखतो, मनातलंही ओळखतो, 'ओळख पाहू' म्हणतो तेव्हा तर समोरच्याला उत्तर माहीत नसतं हेच गृहीत असतं. खुणेवरून ताडणं हासुद्धा ओळखणं या क्रियापदाचा हक्काचा अर्थ आहे आणि शरीर सुरुवातीला नेमकं हेच करतं. बुरशीच्या पेशीला बाहेरून एक भिंत असते, त्यात बीटा-ग्लुकन आणि कायटिन असतं, आणि हे दोन्ही पदार्थ आपलं शरीर बनवतच नाही. त्यामुळे जंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशीला ही बुरशी कोणती, आधी कधी आली होती का, हे माहीत असायची गरज नाही, भक्षकपेशीच्या पृष्ठभागावरचं डेक्टिन-१ नावाचं प्रथिन बीटा-ग्लुकनला चिकटलं की हे आपलं नाही एवढं पक्कं होतं. डेक्टिन-१ चं हे काम 2001 मध्ये कळलं, पण बिनओळखीचं ओळखणं त्याच्या कितीतरी आधी डोळ्यांनी पाहिलं गेलंय. 1884 मध्ये जीवशास्त्रज्ञ मेचनिकोव्हने डाफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवावर निरीक्षणं छापली, हा जीव पारदर्शक, त्यामुळे आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतं. यीस्ट या एकपेशी बुरशीचे सुईसारखे बीजाणू डाफ्नियाने गिळले की ते आतड्याची भिंत भेदून बाहेर येतात आणि लगेच त्याच्या रक्तपेशी भोवती गोळा होऊन त्यांना गिळायला लागतात, गिळून झालं तर डाफ्निया वाचतो नाहीतर यीस्ट त्याच्या अंगभर पसरतं. मला हे निरीक्षण फार आवडतं.

आता 'चाहूल'. चाहूल लांबून लागते आणि डेक्टिन-१ ला तर प्रत्यक्ष स्पर्श लागतो, त्यामुळे तिथे हा शब्द बसत नाही. पण जंतू शिरल्यावर रक्तातल्या पूरक प्रथिनांचे (जंतूंविरुद्ध काम करणाऱ्या प्रथिनांचे) तुकडे पडतात आणि ते आजूबाजूला पसरतात, त्यांच्या मागावर न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जागेवर येतात, तिथे 'सुगावा लागतो' खुशाल लिहा, चपखल आहे.

बुरशी काही कमी नाही म्हणा. कॅन्डिडा ही बुरशी आपलं बीटा-ग्लुकन मॅनन नावाच्या दुसऱ्या पदार्थाच्या थराखाली झाकून ठेवते, अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या बीजाणूंवर प्रथिनाचं आवरण असतं आणि बीजाणू फुगून रुजायला लागला की ते फाटून खालचं ग्लुकन उघडं पडतं. याला 'ओळख लपवणं' म्हणतात तेही याच अर्थाने, खूण लपवणं.

परिचय या अर्थाची ओळख नंतर येते. डेंड्रायटिक पेशी नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी बुरशीचे तुकडे लसिकाग्रंथीत नेतात, तिथे त्या तुकड्यांशी जुळणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तयार होतात आणि त्यातल्या काही आठवण म्हणून मागे राहतात. एचआयव्हीमध्ये या मदतनीस टी-पेशी घटतात म्हणून तोंडात कॅन्डिडाचा पांढरा थर धरतो.

प्रश्नात नव्हतं पण 'लढते' या शब्दाबद्दलही बोलतो, तो चूक नाही पण फार मोघम आहे. न्यूट्रोफिल यीस्टची गोल पेशी गिळतात, पण तीच कॅन्डिडा लांब तंतू काढायला लागली की गिळणार कशी, मग ते स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर टाकतात आणि त्यात तंतू अडकवतात. समोरचा गिळण्याजोगा आहे की नाही हे ते आधी ताडतात, पुन्हा तेच बघा, ताडणं.

म्हणून आजाराबद्दल लिहिताना सरसकट 'शरीर बुरशीला ओळखत नाही' असं लिहू नका. केमोथेरपीत न्यूट्रोफिल घटतात, तिथे ओळखण्यात खोट नसते, मारायला पेशीच पुरत नाहीत. काही मुलांमध्ये जन्मजात दोषामुळे न्यूट्रोफिल बुरशी ओळखतात, गिळतात, पण मारायला लागणारी ऑक्सिजनची तीव्र संयुगं बनवू शकत नाहीत आणि अ‍ॅस्परजिलस फुप्फुसात पसरते. खरोखर ओळखण्यातलाच दोषही सापडलाय, 2009 मध्ये एका डच कुटुंबाबद्दल प्रसिद्ध झालं, त्यांच्यातल्या काही बायकांना नखांचा नाहीतर योनीमार्गाचा बुरशीसंसर्ग पुन्हापुन्हा होत होता आणि त्यांच्या डेक्टिन-१ च्या जनुकातच बिघाड होता. 'ओळखत नाही' हे इथे लिहा.