बॅलन्स ट्रान्सफर घे, पण ही दोन कामं आधी कर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबत पाठवलेली दोन्ही कार्डांची स्टेटमेंटं नीट वाचली. "मावशी, बॅलन्स ट्रान्सफर घेऊ का?" एवढंच तू विचारलंस, म्हणजे मोठ्या क्रेडिट कार्डाची बाकी कमी व्याजावर लहान कार्डाच्या बँकेकडे न्यायची का. उत्तर आधी देऊन टाकते. घे. पण बँकेची मुलगी फोनवर तुझ्या गळ्यात मारते आहे तो प्रकार घेऊ नकोस, आणि खाली सांगते ती दोन कामं झाल्याशिवाय अर्जही भरू नकोस.

आधी मोठं कार्ड घेऊ. बाकी १,२०,००० रुपये, व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचा आकडा छोटा दिसतो, म्हणून तोच सांगतात. वर्षाचे ४२ टक्के होतात. एका महिन्याचं व्याज ४,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६ रुपये, मिळून ४,९५६. तुझ्या स्टेटमेंटवर किमान देय रक्कम ६,००० छापली आहे आणि ती तू एकदाही चुकवलेली नाहीस. त्या ६,००० मधून मुद्दल किती फिटलं? १,०४४ रुपये. त्याच महिन्यात तू कार्डावर पेट्रोल भरलंस, दोनदा बाहेरून जेवण मागवलंस, आणि बाकी पुन्हा जिथल्या तिथे. वेळेवर पैसे भरूनही कर्ज का हलत नाही, असं तुला वाटतं ना, त्याचं कारण हे आहे. तुझा प्रामाणिकपणा कमी पडला, हे आधी मनातून काढून टाक.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. कार्डावर ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात असं आपण म्हणतो. ती सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच असते. थोडी जरी बाकी पुढे ओढली, की नव्या खरेदीवर त्या त्या दिवसापासून व्याज धावायला लागतं. आपल्या इंदूरला विजयनगरच्या चौकात सकाळी घेतलेल्या पोहे-जिलेबीवरसुद्धा. रुपे कार्ड यूपीआयला जोडल्यापासून तू चहा-पोह्यांचे पैसेही कार्डातूनच देतोस, हे स्टेटमेंटवर ओळीने दिसतंय. सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपन्यांत नोकरीला लागलेली तुझ्या वयाची बहुतेक मुलं हेच करतात, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

तुझ्या रूममेटने सांगितलं, की कोर्टाने कार्डावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तक्रार कर. ते अर्धवट ऐकलेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं व्याज गैर ठरवलं होतं हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. मला स्वतःला ४२ टक्के हा दर कष्टाने कमावणाऱ्या मुलांवर अन्याय वाटतो. पण आज कायदा तुझ्या बाजूने उभा राहणार नाही, तेव्हा त्या आशेवर एक महिनाही घालवू नकोस.

आता ट्रान्सफर. तू पाठवलेले व्हिडिओ अमेरिकेतले आहेत. तिथे बारा ते एकवीस महिने शून्य टक्के व्याजाची कार्डं मिळतात, त्यासाठी तीन ते पाच टक्के फी घेतात, आणि २००९ च्या त्यांच्या कायद्याने अशी सवलत निदान सहा महिने द्यावीच लागते. आपल्याकडे तसं नाही. इथे साधारण दोन प्रकार चालतात. एकात साठ दिवसांसारख्या थोड्या मुदतीसाठी शून्य किंवा नाममात्र व्याज, आणि मुदत संपली की उरलेल्या रकमेवर कार्डाचा नेहमीचा दर. दुसऱ्यात पूर्ण रकमेचे हप्ते बांधून देतात, दर साधारण पर्सनल लोनच्या आसपास. तुला फोनवर पहिला प्रकार विकताहेत. शून्य ऐकलं की माणूस हुरळतो. पण दोन महिन्यांत तू फार तर बावीस हजार भरशील. उरलेल्या ९७-९८ हजारांवर तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा साडेतीन टक्के, आणि फी गेली ती गेलीच. साठ दिवसांचा प्रकार, ज्याचा बोनस पुढच्या महिन्यात नक्की हातात पडणार आहे, त्याच्यासाठी. तुझ्यासाठी हप्त्यांचा.

त्याचा हिशेब मांडून दाखवते. समज, दीड टक्का महिना, घटत्या शिलकीवर (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर), बारा हप्ते. हप्ता येतो ११,००० रुपयांच्या जवळ. वर्षाचं व्याज सुमारे १२,०००, त्यावर जीएसटी सुमारे २,१६०, दोन टक्के प्रोसेसिंग फी २,४०० आणि तिच्यावरचा जीएसटी ४३२. एकूण खर्च सतरा हजार. व्याजावरचा जीएसटी धरून हप्ता महिना ११,२०० च्या आसपास पडतो. हेच ११,२०० रुपये तू जुन्या कार्डावर भरत राहिलास, तर फिटायला चौदा-पंधरा महिने लागतील आणि वरचे पैसे जातील सुमारे एक्केचाळीस-बेचाळीस हजार. म्हणजे पंचवीसेक हजार वाचतात. तुझ्या पगारात ती रक्कम लहान नाही.

'घटत्या शिलकीवर' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. फोनवर बँकेची मुलगी "फक्त एक टक्का फ्लॅट" म्हणेल. फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण १,२०,००० वर व्याज, तू अर्धं कर्ज फेडलेलं असलंस तरी. बारा महिन्यांचा एक टक्का फ्लॅट हा घटत्या हिशेबाने वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो, म्हणजे दीड टक्का घटत्यापेक्षा महाग. तेव्हा दर कोणता, फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, एक हप्ता चुकला तर सवलतीचा दर राहतो की जातो, हे सगळं ईमेलवर मागव. तोंडी सांगितलेल्याला बँकेत काही किंमत नसते. मी तीस वर्षं राजवाड्याजवळच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर बसले, आणि "पण साहेबांनी सांगितलं होतं" म्हणत परत आलेली माणसं फार पाहिली.

त्यांतल्या एकाचं सांगते, कारण तो तुझ्याच वयाचा होता. पर्सनल लोन मागायला आला आणि त्याने टेबलावर चार कार्डं ओळीने मांडली. पहिल्याची बाकी दुसऱ्यावर नेली होती. पहिलं रिकामं झालं, म्हणून लग्नसराईत ते पुन्हा वापरलं. मग दोन्हींसाठी तिसरं काढलं. प्रत्येक वेळी कागदावर व्याज कमीच झालं होतं, त्याने हिशेबाची वहीसुद्धा आणली होती, सुंदर अक्षरात. फक्त दीड वर्षात एका लाखाचे साडेतीन लाख झाले होते. मुलगा हुशार होता. रिकामं झालेलं कार्ड त्याने खिशात ठेवलं, एवढंच. ट्रान्सफरने कर्ज जागा बदलतं. फिटतं ते पगारातून बाजूला पडलेल्या पैशांनी, आणि ते पैसे कुठून येणार हे आधी ठरायला हवं. म्हणून ती दोन कामं.

पहिलं काम लहान कार्डाचं. त्यावर ३४,००० बाकी आहेत, आणि ट्रान्सफरची ऑफर याच कार्डाच्या बँकेची आहे. तुझ्याकडे ५०,००० ची एफडी आहे, आईने "हिला हात लावायचा नाही" म्हणून बजावलेली. मी आईशी बोलेन. सहा-सात टक्के मिळवणारी एफडी जपून ४२ टक्क्यांचं कर्ज पोसणं ही बचत म्हणता येत नाही. ती मोड. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. ३४,००० भरून लहान कार्ड कोरं कर, उरलेले सोळा हजार बचत खात्यात आजारपणासाठी आणि अडीनडीला ठेव. ते सोळा हजार कार्डात घालू नकोस. हाताशी काहीच नसलं, की पहिल्या तापाला कार्ड पुन्हा बाहेर निघतं.

कार्ड कोरं करण्याचं आणखी एक कारण आहे. नियमांच्या पुस्तिकेत, कंटाळा न करता, तू भरलेला पैसा कोणत्या क्रमाने जमा होतो ते वाच. अनेक बँकांत तो आधी कर, हप्ते आणि फीकडे जातो, मग व्याजाकडे, मग बॅलन्स ट्रान्सफरच्या रकमेकडे, आणि खरेदीची बाकी त्यानंतर. म्हणजे त्याच कार्डावर तू खरेदी केलीस, तर तुझे पैसे आधी स्वस्त कर्जाला लागतील आणि महाग खरेदी व्याज खात बसेल. यासाठी ट्रान्सफर घेतलेल्या कार्डावर हप्ते संपेपर्यंत एक रुपयाचीही खरेदी करायची नाही.

दुसरं काम खर्चाचा नळ बंद करण्याचं. दोन्ही कार्डं यूपीआय ॲपमधून आणि जेवणाच्या, टॅक्सीच्या ॲपमधून काढून टाक. कार्डाच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद करता येते, ती रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना द्यायला लावली आहे. मग पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ११,२०० रुपये वेगळ्या खात्यात टाक आणि हप्त्याचं ऑटो डेबिट त्या खात्यावर लाव. खोलीचं भाडं आणि घरी देतोस ते वजा जाऊन उरलेल्यात महिना निघेल का, हे आधी एका महिन्याचा खर्च कागदावर मांडून बघ. निघत नसेल तर अठरा महिन्यांचे हप्ते घे. व्याज थोडं जास्त जाईल, पण हप्ता चुकणार नाही. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

ट्रान्सफर मंजूर झाल्यावरही पैसे जुन्या कार्डात जमा व्हायला काही दिवस जातात. मध्ये ड्यू डेट आली तर जुन्या कार्डाची किमान रक्कम भरून टाक. बँकेने पाठवले असतील, असं समजून बसू नकोस. पैसे जमा झाल्यावर पुढच्या स्टेटमेंटवर पुन्हा हजार-दोन हजार दिसतील. ते मागच्या बिलापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज असतं, फसवणूक नाही. तेही भरून पूर्ण शून्य कर. नाहीतर त्या किरकोळ रकमेवर लेट फी लागते आणि सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसते, तुला पत्ताही नसतो.

शून्य झालं की मोठं कार्ड बंद कर. सिबिलचा स्कोअर थोडा घसरेल, तुझा मित्र सांगतो ते बरोबर आहे, कारण तुझं एकूण लिमिट कमी होईल आणि लहान कार्ड ट्रान्सफरने बरंच भरलेलं दिसेल. वर्षभर वेळेवर हप्ते गेले की तो सावरतो. तुला इतक्यात घराचं कर्ज काढायचं नाही, मग स्कोअर जपायला हे कार्ड कशाला सांभाळायचं? लेखी अर्ज दे. सगळी बाकी भरलेली असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असतं आणि उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. टाळाटाळ झाली तर हा नियम अर्जात लिही.

बाजारात मशिनवर कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख देणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. खोटी खरेदी दाखवणं कार्डाच्या अटींविरुद्ध आहे आणि त्यातून फिटत काहीच नाही. आणि ट्रान्सफरसाठी फोनवर ओटीपी मागणारा कुणीही बँकेचा नसतो. अर्ज बँकेच्या ॲपमधून नाहीतर शाखेत जाऊनच.

सोनं तारण ठेवायचं मनात आहे, असंही तू लिहिलंस. दर बऱ्याचदा या हप्त्यांपेक्षा कमी पडतो, म्हणून वाईट पर्याय नाही. पण दागिने आईचे आहेत. लोकमान्यनगरला घरी जाऊन, समोर बसून, पूर्ण आकडा सांगूनच तो विषय काढ. मला विचारशील तर दागिन्यांची गरज पडणार नाही, पण आकडा मात्र घरी सांगच. तुझे बाबा रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, आणि मग तेच दर महिन्याला हप्ता गेला का म्हणून विचारतील. एकट्याने लपवून फेडायला बघणारी मुलं सणासुदीला हमखास अडकतात. घरच्यांना नाही म्हणता येत नाही, कारण का नाही ते सांगता येत नाही.

रविवारी अकरा वाजता ये. येताना बँकेचं ऑफरचं ईमेल, एफडीची पावती आणि गेल्या तीन महिन्यांची पगाराची स्लिप आण. पुढच्या ड्यू डेटच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून हा रविवार चुकवू नकोस.

तुझी,
मावशी