गॅरंटी आहे, मग झोप का नाही?

मार्चचा पहिला आठवडा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका आईचा फोन आला. आवाज दबलेला, बहुधा गॅरेजमधून बोलत असाव्यात.

"ताई, आमच्या बाबूचं टॅग मंजूर आहे. डेव्हिसचं. नोव्हेंबरातच आलं. तरी हा पोरगा रात्री तीन-तीनला उठून निकालाचं पोर्टल बघतो. जेवत नाही धड. गॅरंटी आहे ना? मग घाबरतो कशाला? आणि त्याला बघून आता मलाही धडधडायला लागलंय."

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मराठी कुटुंबांचं समुपदेशन करते. मार्च-एप्रिल आला की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरातून येतोच: प्रवेशाची हमी मिळालेली असताना निकालाची एवढी धास्ती का वाटते? या मायलेकांच्या परवानगीनं आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांची गोष्ट सांगते.

आधी हे टॅग काय ते सांगते, कारण सांगली-पुण्याच्या आजी-आजोबांनाही ते समजावून सांगावं लागतं. कॅलिफोर्नियात शाळा संपल्यावर थेट विद्यापीठात न जाता पहिली दोन वर्षं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढता येतात. फी बरीच कमी, घरचं जेवण. मग तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफर. या विद्यापीठाच्या सहा कॅम्पसांवर, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ इथे, आधीच हमी घेण्याची सोय आहे. ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, तिचं लघुरूप टॅग. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. सहापैकी एकाच ठिकाणी टॅग करता येतं, आणि सगळेच विषय त्यात बसत नाहीत. सप्टेंबरात टॅगचा अर्ज, नोव्हेंबरच्या मध्यावर त्याचं उत्तर, शिवाय प्रवेशाचा मुख्य अर्ज वेगळा भरायचा. जानेवारीत आपले वर्ग आणि गुण अद्ययावत करून कळवायचे. आणि मग १ मार्च ते ३० एप्रिल या दोन महिन्यांत कधीतरी निकाल. प्रत्येक कॅम्पस आपापल्या सवडीनं लावतो. मित्राचा लागला म्हणून आपला लागेल असं नाही, आणि आपला लागला नाही म्हणून काही बिनसलं असंही नाही.

हमी म्हणजे काय, हे मी आपल्याकडच्या मिक्सरवरून सांगते. मिक्सरच्या खोक्यात गॅरंटी कार्ड असायचं. पुढे ठळक अक्षरांत 'दोन वर्षे', आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. दुकानदाराचा शिक्का नसेल तर नाही, बाहेर दुरुस्त करून आणला तर नाही, भांड्याला तडा गेला तर नाही. टॅगचं तसंच आहे. गुणांची सरासरी राखायची, ठरलेले विषय संपवायचे आणि वसंत सत्राअखेर ट्रान्सफरला चालणारी ६० सेमिस्टर युनिटं, म्हणजे प्रत्येक वर्गामागे मिळणारे श्रेयांक, पुरी करायची. आईवडील कार्डाची पुढची बाजू वाचतात. मुलांना मागची पाठ असते.

शनिवारी दोघं आले. चाळीस मिनिटं आईच बोलल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, उंच, हुडीच्या बाहीत हात ओढून बसलेला. मला 'मावशी' म्हणाला आणि पुढे हो-नाहीच्या पलीकडे गेला नाही. त्या दिवशी मी एक चूक केली, आणि ती नवशिक्याची चूक होती. मी त्याला धीर दिला. "अरे, मंजूर आहे ना? तुझे गुणही चांगले आहेत. होणार बघ." तो म्हणाला, "हो मावशी, माहितेय." आईंना बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. पुढे त्यानं सांगितलं की त्या रात्री त्यानं आणखीच जास्त वेळा पोर्टल उघडलं होतं.

धीर देण्याची गंमत अशी की तो चहासारखा असतो, तासाभरात पुन्हा तलफ येते. "होईल ना?" या प्रश्नाला "होईल" हे उत्तर जितक्या वेळा मिळेल तितका तो प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. पोर्टलचंही तेच. बघितलं, काही नव्हतं, म्हणजे वाईटही काही नव्हतं, क्षणभर हायसं वाटलं. त्या क्षणभराच्या हायसेपणासाठी हात पुन्हा फोनकडे जातो.

पुढच्या खेपेला त्याला एकट्यालाच बोलावलं. समजावणं बंद केलं आणि एक साधं काम दिलं. पोर्टल बघायचं असेल तर खुशाल बघ, फक्त दर वेळी दोन गोष्टी टिपून ठेव: वाजले किती, आणि फोन हातात घेण्याच्या आधी डोक्यात काय चाललं होतं.

आठवड्यानं त्यानं वही आणली. एका दिवसात ३१ नोंदी. मला आकड्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही, चाळीसच्या वर नोंदी करणारी मुलं मी पाहिली आहेत. मी दुसऱ्या रकान्याकडे बघत होते. 'डेव्हिस' हा शब्द अख्ख्या आठवड्यात दोनदा. 'आई' बऱ्याचदा. आणि चार ठिकाणी नुसता आकडा: ५७.

"हे सत्तावन काय आहे रे?"

तो इतका वेळ गप्प बसला की खाली रस्त्यावरचा सिग्नल दोनदा बदलला. मग म्हणाला, "युनिट्स."

फेब्रुवारीत त्यानं एक वर्ग सोडला होता. भूगर्भशास्त्राचा, लॅबसकट ४ युनिटांचा. त्याला अर्थशास्त्राला प्रवेश हवा होता, त्यासाठी तो वर्ग लागतही नव्हता. केवळ युनिटं भरायला घेतलेला. लॅब संध्याकाळची, दुकानातल्या नोकरीच्या वेळेला भिडणारी. पहिल्या चाचणीत गुण घसरले, सरासरी खाली येईल या भीतीनं त्यानं वर्ग सोडून टाकला. गुणपत्रिकेवर नुसता 'डब्ल्यू' येतो, तो सरासरीत धरत नाहीत, हे त्याला माहीत होतं. हिशेब अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा त्यानं दोन दिवसांनी रात्री केला: सगळं धरून ६१ होणार होती, ४ गेली, राहिली ५७. हवीत ६०. आणि जानेवारीच्या अद्ययावत माहितीत तो वर्ग 'चालू आहे' असं तो कळवून बसलेला. अर्ज भरल्यावर वर्गांत बदल झाला तर कॅम्पसला कळवायचं असतं. त्यानं कुणालाच कळवलं नव्हतं. कॅम्पसला नाही, कॉलेजातल्या समुपदेशकाला नाही, घरी तर नाहीच.

आता त्या रात्रीच्या तीनचा अर्थ लागला. मागचं दार उघडं राहिलंय हे ज्याला ठाऊक असतं, तोच पुढच्या दाराची कडी दहा वेळा तपासतो. मागे जायला भीती वाटते म्हणून.

अशा वेळी समुपदेशकाला मोह होतो तो मनावर काम करण्याचा. श्वास, विचारांच्या नोंदी, वगैरे. ते नंतर. खरी अडचण खरोखरच अडचण असेल तर आधी ती सोडवायची. मी त्याला विचारलं, कॉलेजातल्या समुपदेशकाकडे का गेला नाहीस? तर म्हणाला, "त्यांनीच माझा टॅग तपासला होता. गुड जॉब म्हणाल्या होत्या." एवढंच कारण. एका शाबासकीची लाज.

माझ्या खोलीत बसूनच त्यानं भेटीची वेळ घेतली. दोन दिवसांनी भेटला. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांत काही वर्ग सत्राच्या मध्यावर सुरू होतात, आठ आठवड्यांत उरकणारे. मार्चअखेरीला सुरू होणारा, ३ युनिटांचा मानवशास्त्राचा ऑनलाइन वर्ग त्याला मिळाला. जागा थोड्याच उरल्या होत्या. ५७ आणि ३, साठ. काठोकाठ. त्याच संध्याकाळी त्यानं डेव्हिसच्या प्रवेश विभागाला वर्ग बदलल्याचं कळवलं: अमुक सोडला, तमुक घेतला, एकूण युनिटं इतकी. चार ओळी. त्या चार ओळी लिहायला त्याला महिना लागला होता.

राहिली आई. तो सज्ञान आहे, त्याचं गुपित मी सांगणार नव्हते. पण वही त्याच्याच हातची होती आणि तिच्यात 'आई' सगळ्यात जास्त वेळा होतं. आम्ही एका वाक्याची तालीम केली. "आई, मी फेब्रुवारीत एक वर्ग सोडला, तुला सांगितलं नाही, आता दुसरा घेतलाय." त्याला मध्ये 'सॉरी' सात वेळा घालायचं होतं. एकदा पुरे, म्हटलं.

त्यानं वाणसामानाच्या दुकानाबाहेर, गाडीत सांगितलं. आईंचा पहिला प्रश्न, त्यांनीच मला हसत सांगितला: "फी परत मिळाली का?" मग त्या चिडल्या, मग रडल्या. आणि मग जे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते मुलाला सांगितलं. सांगलीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला त्यांना एटीकेटी लागली होती. ऑक्टोबरात तो पेपर सुटेपर्यंत घरी पत्ता लागू दिला नव्हता. चार महिने वडिलांच्या आधी पोस्टमन गाठायच्या. पोरगा म्हणाला, "म्हणजे तुझं पोर्टल पोस्टमन होतं?"

इथं सगळं शांत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. ३१ नोंदींच्या १२ झाल्या, त्यापुढे हलेनात. कारण आता उरलं होतं ते निखळ वाट बघणं, आणि त्यावर नामी औषध कुणाकडे नाही. टॅग देणाऱ्या सहांतल्याच रिव्हरसाइड कॅम्पसवर केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ वाट पाहण्याचाच अभ्यास करतात. कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा दिलेल्यांना निकालासाठी चार महिने थांबावं लागतं. त्यांच्यावर केलेल्या कामात स्वीनींना दिसलं की मनाला समजावण्याच्या नेहमीच्या युक्त्यांनी काळजी फारशी कमी होत नाही. हे वाचून मला हायसं वाटलं होतं. आपण कुचकामी नाही, कामच अवघड आहे. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात असंही आढळलं की ज्यात भान हरपतं अशा कामात गुंतलेल्यांचा हा काळ त्यातल्या त्यात बरा जातो. बाबूला मी काही सुचवण्याआधीच तो गाडीचे ब्रेक स्वतः बदलायला शिकत होता. त्या तीन तासांत वहीत एकही नोंद नव्हती.

पोर्टलसाठी वेळ ठरवली: रोज संध्याकाळी सात, एकदाच. निकाल लागला की ईमेल येतोच, त्यामुळे चुकण्यासारखं काही नव्हतं. पहिले चार दिवस त्याला हे जमलं नाही, पाचव्या दिवशी जमलं.

आईंचं काम जास्त अवघड निघालं. त्या पोर्टल बघत नव्हत्या, पण 'जेवलास का' विचारावं तसं 'आलं का' विचारत होत्या. शिवाय मराठी आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे कुणाचं अर्व्हाइन, कुणाचं सँटा क्रूझ, पेढ्यांचे फोटो. तो ग्रुप महिनाभर म्यूट करायला त्या तयार होईनात, "लोक काय म्हणतील, हिच्या मुलाचं झालं नाही म्हणून ही गप्प झाली." शेवटी तडजोड झाली. ग्रुप बघायचा, पण बघितलेलं घरात बोलायचं नाही.

आणि एक प्रश्न मी दोघांसमोर मुद्दाम उघडा केला, जो त्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. नाहीच झालं तर? अपशकुन केल्यासारखं आईंनी माझ्याकडे बघितलं. बाबूनं मात्र भराभर सांगितलं: आणखी तीन कॅम्पसांवर अर्ज आहे, तिथलंही नाही झालं तर इथेच आणखी वर्षभर राहून सप्टेंबरात पुन्हा टॅग. त्याला सगळं ठाऊक होतं. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती एवढंच.

सगळ्याच घरांत असं सत्तावन दडलेलं नसतं, हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी एका मुलीचं सगळं चोख होतं, तरी ती रडवेली. तिच्याबरोबर बसून अटींचा कागद एकदा ओळीनं तपासला आणि तो पुन्हा उघडायचा नाही असं ठरवलं. तिला तेवढं पुरलं. पण मी आता धीर देण्याआधी एक प्रश्न न चुकता विचारते, आणि आईवडिलांनाही तोच विचारायला सांगते. 'का घाबरतोस' असा नाही, कारण त्याचं उत्तर 'काही नाही' असंच येतं. 'अर्ज भरल्यापासून काही बदललंय का?' हा. आणि विचारताना चेहरा असा ठेवायचा की 'हो' म्हणायची सोय राहील.

एप्रिलात एका संध्याकाळी सव्वासातला आईंचा फोन आला. या वेळी गॅरेजमधून नाही, आवाज चांगला मोठा.

"ताई, झालं! डेव्हिस झालं. पण खाली कायकाय अटी आहेत. प्रोव्हिजनल म्हणतात. जुलैत शेवटची गुणपत्रिका पाठवायची, मगच पक्कं. म्हणजे आता परत जुलैपर्यंत..."

मागून बाबूचा आवाज आला. "आई, हळू बोल ना. माझी मानवशास्त्राची क्विझ चाललीय."