वाचक विचारतात: एस्प्रेसोला पाणी कोणतं?

प्रश्न: ताई, दिवाळीला घरी एस्प्रेसो मशीन घेतलं. चिकमगळूरची मिडियम रोस्ट बी वापरतो. त्याच बियांचा शॉट पणजीच्या कॅफेत छान गोडसर लागतो, माझा मात्र आंबट आणि पाणचट. दळण बारीक केलं, तापमान वाढवलं, फारसा फरक नाही. मशीनमध्ये क्षार साठू नयेत म्हणून पाणी आरओचंच घालतो. मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 60 येतो, आरओचा 8. याहून चांगलं पाणी कुठून आणू?
– एक वाचक, ताळगाव

उत्तर: दळण आणि तापमान पाहून झालंय, तर आता पाण्याकडेच वळा. एस्प्रेसोत जवळजवळ 90 टक्के पाणीच असतं, आणि तुमचं पाणी गरजेपेक्षा जास्त शुद्ध आहे.

कॉफीत आम्लं असतात. पाण्यातलं बायकार्बोनेट त्यातला थोडा आंबटपणा मारतं. या ताकदीला अल्कलिनिटी म्हणतात. ती फार वाढली तर कॉफी खडूसारखी सपक लागते, आणि अजिबात नसली तर तुमच्या कपात होतं तेच होतं. आरओचा पडदा बाकीच्या क्षारांबरोबर बायकार्बोनेटही काढून टाकतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी सुचवली आहे (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). तुमच्या आरओच्या पाण्यात ती नावापुरतीच उरली असणार.

आता क्षारांची भीती. पांढरा थर धरायला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात. पाणी तापलं की त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते बॉयलरला चिकटतं. लंडनसारख्या ठिकाणी पाणी चुनखडीतून येतं, तिथे ही काळजी खरी आहे. देशावर बोअरवेलच्या जड पाण्यातही खरी आहे. पण ताळगावला ओपाचं पाणी येतं, म्हणजे खांडेपार नदीचं. घाटात पडलेला पाऊस आणि जांभ्याचा मुलूख, यात चुना येणार कुठून? तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे लोक आरओ बसवतात आणि आधीच हलकं असलेलं पाणी आणखी पोकळ करतात, वर निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. ते 60 मिठाचे, चुन्याचे की बायकार्बोनेटचे, हे त्याला कळत नाही. माझं आयुष्य रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धरण्यात गेलं, पण तुम्हाला ब्युरेटची गरज नाही. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात जीएच आणि केएच मोजायचा थेंबांचा संच मिळतो. जीएच म्हणजे हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण), केएच म्हणजे अल्कलिनिटी. नळीत पाणी घ्यायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक डिग्री, म्हणजे सुमारे 18 मिलिग्रॅम. आपलं पाणी हलकं असल्यामुळे नळीत सांगितल्याच्या दुप्पट पाणी घ्या, मग एक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो आणि माप नेमकं येतं. केएच दोन ते तीन डिग्री आला तर पाण्यात काही घालू नका.

कमी आला तर पोटॅशियम बायकार्बोनेट आणा. खाण्याच्या दर्जाचंच घ्या. 5 ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून सगळं मिळून 500 मिली द्रावण करा, बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा. आरओच्या एक लिटर पाण्यात या द्रावणाचे 10 मिली घातले की 100 मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट जातं आणि अल्कलिनिटी 50 होते. नळाच्या पाण्याचा केएच एक डिग्री असेल तर लिटरला 6 मिली पुरे. यात कॅल्शियमची भर पडत नाही, म्हणून हलक्या पाण्यात थराची भीतीही फारशी वाढत नाही. पोटॅशियमचं मिळालं नाही तर खाण्याचा सोडा चालेल, तेवढ्याच द्रावणाला 4.2 ग्रॅम. मात्र बेकिंग पावडर नको आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नको.

माझा सल्ला असा, की कॉफीपुरतं आरओ बाजूला ठेवा. नळाचं पाणी कार्बन आणि यूव्हीच्या फिल्टरमधून घ्या. कार्बनने क्लोरिनचा वास जातो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तो वास जास्त जाणवतो, आणि चांगल्या बियांचा सगळा सुगंध त्यात बुडतो. या फिल्टरने क्षार आहेत तसे राहतात. तरी आरओच वापरणार असाल तर द्रावण घातल्याशिवाय मशीनमध्ये ओतू नका. काही मशीनमध्ये बॉयलरची पातळी पाण्यातून वीज वाहते की नाही यावर ओळखली जाते, आणि अगदी शुद्ध पाणी त्या सेन्सरला दिसतच नाही.

प्रश्न: आमच्या विहिरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या पितोय. एप्रिल-मेमध्ये थोडं मचूळ लागतं, एरवी गोड. एस्प्रेसोला चालेल ना?
– एक वाचक, मोरजी

उत्तर: मचूळ लागतं तेव्हा नक्कीच नको. समुद्राजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि खारं पाणी आत शिरतं. त्यातलं क्लोराइड गरम स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे, पण मशीनसाठी ती फारच जास्त आहे. सोडा घालून क्लोराइड जात नाही, उकळूनही जात नाही. आरओ लावायचं तर ते तुमच्यासारख्या घरी. लावा, आणि वर सांगितलेलं द्रावण घाला.

पावसाळ्यानंतर विहीर पुन्हा गोडी झाली तरी पाण्याचा पीएच एकदा तपासून घ्या. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी तांब्या-पितळेला हळूहळू खातं. तांब्याच्या नळाखाली बेसिनवर हिरवट-निळा डाग दिसत असेल तर ती त्याचीच खूण. पाणी ठेवल्यावर तळाशी तांबूस गाळ बसत असेल तर त्यात लोहही आहे, आणि त्याची धातूसारखी चव कॉफीत लपत नाही.

प्रश्न: बाटलीबंद पाणी वापरू का? आणि मशीन साफ करायला घरचा माडाचा शिर्का चालेल?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: आपल्याकडचं बहुतेक बाटलीबंद पाणी आरओचंच असतं, त्यामुळे पैसे घालून ताळगावकरांचाच प्रश्न विकत घ्याल. 'नॅचरल मिनरल वॉटर' लिहिलेली बाटली वेगळी, तिच्या लेबलवर क्षारांचे आकडे असतात. बायकार्बोनेटच्या आकड्याला 0.82 ने गुणा, अल्कलिनिटी मिळेल. कॅल्शियमला 2.5 ने आणि मॅग्नेशियमला 4.1 ने गुणून बेरीज केली की हार्डनेस. दोन्ही आकडे शंभराच्या वर गेले तर थर धरणार.

शिर्का नको. त्याचा वास नळ्यांत आणि रबराच्या वायसरांत दिवसेंदिवस राहतो. मशीनच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर लिंबूसत्व वापरा, नाहीतर कंपनीचीच पावडर. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर आधी पुस्तिका वाचाच. पाण्याचा जीएच एक-दोन डिग्रीच येत असेल तर हे वारंवार करायची गरजही नाही. उगाच आम्ल फिरवून धातू झिजवू नका.