सवाल-जवाब: उभ्या गाडीचे दिवस

प्रश्न: माझी स्वतःची दहा चाकी गाडी आहे, मीच चालवतो. कळंबोली–बंगळुरू–कळंबोली असे महिन्याला तीन फेरे होतात. एका फेऱ्याला नऊ दिवस जातात, म्हणजे घरी जेमतेम तीन दिवस. जाताना 55,000 आणि येताना 50,000 भाडं मिळतं. गाडीचा हप्ता 55,000 आहे. मुलगी आता शाळेत जाते. लाइन (लांब पल्ल्याची वाहतूक) सोडून कळंबोली–चाकण लोखंड वाहायचं काम धरू का? (कामोठे)

उत्तर: आधी लाइनचाच हिशेब मांडा. फेरा साधारण 2,000 किलोमीटरचा. लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर 500 लिटर डिझेल, 90 च्या भावाने 45,000. टोल 13,000. जेवण, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), किरकोळ मिळून 6,000. आणि टायर, जे भाडं ठरवताना कुणी धरतच नाही! 21,000 चे दहा टायर 70,000 किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे 3 रुपये, म्हणजे फेऱ्याला आणखी 6,000. 1,05,000 मधून 70,000 गेले, हातात 35,000.

आता दिवस मोजा. ताशी 45 च्या सरासरीने रोज आठ तास चालवलं तर 2,000 किलोमीटरला सहा दिवस पुरतात. उरलेले तीन दिवस गाडी उभी असते, गोदामाच्या दारात नाहीतर परतीच्या भाड्याची वाट बघत. घरचा वेळ खाल्लाय तो या तीन दिवसांनी. यातले दोन वाचले तर तेच तीन फेरे 21 दिवसांत होतात. कमाई तीच 1,05,000, आणि घरी नऊ दिवस.

ते वाचवायचे कसे? बंगळुरूला शनिवारी संध्याकाळी पोचलात की रविवार फुकट गेलाच. गुरुवारी रात्री गाडी भरून शुक्रवारी पहाटे निघा. रविवारी रात्री पोचाल, सोमवारी माल खाली. परतीच्या भाड्यासाठी फोन खाली झाल्यावर नको, शनिवारीच दोन-तीन दलालांना करून ठेवा. रिकामी गाडी दारात दिसली की भाव पडतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. मंगळवारी दुपारी भरून निघालात तर शुक्रवारी दुपारी कळंबोलीत.

दुसरं म्हणजे हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याची भरपाई. पोचल्यापासून 24 तास मोफत, पुढे दिवसाला 3,000, हे गाडी लावण्यापूर्वी बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्या. तरी पैसे का बुडतात? पोचल्याची वेळ सिद्ध करता येत नाही म्हणून. माल घेणारा म्हणतो, गाडी आज सकाळीच आली. म्हणून गेटवरच्या वहीत नोंद करा, नंबर प्लेट आणि गेट एकत्र दिसेल असा फोटो काढा आणि त्याच मिनिटाला दलालाला व्हॉट्सॲपवर टाका.

चाकणचं म्हणाल, तर अंतर शंभरेक किलोमीटरच, पण क्रेनखाली नंबर लागायला वेळ, बोरघाटात गाड्या अडकल्या की वेळ, कंपनीच्या गेटवर पुन्हा रांग. खेपेला 4,500 सुटतात असं धरलं तरी 1,05,000 साठी महिन्यात 23-24 खेपा हव्यात, जवळपास रोज एक. पंधराच झाल्या तर 67,500, त्यातून हप्ता. आणि रात्री दोनला येऊन सकाळी सातला निघणारा बाप मुलीला दिसतो कितीसा? खेपा भरून काढायला जादा माल भरण्याचा मोहही इथेच होतो. 2018 पासून दहा चाकीला गाडीसकट 28.5 टनांची मर्यादा आहे. एक टन जास्त निघाला तर 20,000 अधिक 2,000 दंड, म्हणजे जवळपास पाच खेपांची कमाई एका वजनकाट्यावर गेली, वर जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

आमच्या मते तीन महिने वेळापत्रक बदलून बघा. लाइन सोडायचा विचार त्यानंतर.

प्रश्न: मिस्टर गाडीवर असतात, हिशेब मी बघते. भाड्याची बाकी रक्कम दोन-दोन महिने अडकते. काय करावं? (कोपरखैरणे)

उत्तर: बहुतेक वेळा बाकी पोचपावतीवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) अडते. सही-शिक्क्याच्या पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो माल उतरल्याबरोबर मागवून घ्या, मूळ प्रत कुरियरने पाठवा आणि त्याचा नंबर जपा. शिक्का पुसट किंवा तारीख नसेल तर तिथेच बदलून घ्यायला सांगा, मुंबईत आल्यावर काही होत नाही. लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून नंबर बिलावर छापा. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर माल पाठवणाऱ्या कंपनीला ती रक्कम प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येते, आधी नाही. हे तिच्या अकाउंट्सवाल्याला बरोबर कळतं.

प्रश्न: महिन्यात एक फेरा बदली ड्रायव्हरवर सोडला तर? (भिवंडी)

उत्तर: सोडा, पण त्याचं अवजड वाहनाचं लायसन्स चालू आहे का, हे सरकारच्या सारथी पोर्टलवर आधी बघा. ते नसेल तर अपघातात विमा अडतो. तुमच्या पॉलिसीतला 15 लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो, बदलीचा नाही. पगारी ड्रायव्हरचं कलम वेगळं घालून घ्या, त्याचा हप्ता किरकोळ असतो. डिझेल टाकी भरून द्या आणि टाकी भरूनच परत घ्या, म्हणजे ॲव्हरेजवरून वाद होणार नाही.