वाचकांचे प्रश्न : चालणे थांबवून गोळ्या चालू ठेवल्या तर?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून नाशिकला बँकेत बसून काम करतो. मार्चमध्ये कार्यालयातल्या आरोग्य शिबिरात सकाळी अकरा वाजता, चहा-बिस्किटे झाल्यावर रक्त दिले. त्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३२, डी जीवनसत्त्व ११ आणि बी-१२ १४२ निघाले, हिमोग्लोबिन १४.१ होते. त्यानंतर आठवड्यातले पाच दिवस चाळीस मिनिटे चालू लागलो आणि मेव्हण्याच्या सांगण्यावरून डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दर रविवारी, बी-१२ची गोळी, फिश ऑइलची एक कॅप्सूल आणि सी व ई जीवनसत्त्वांच्या जास्त ताकदीच्या गोळ्या रोज सुरू केल्या. खाण्यात काही बदल केला नाही, फक्त चहातली साखर सोडली. जूनमध्ये उपाशीपोटी पुन्हा तपासले तेव्हा हेच आकडे अनुक्रमे ५.८, १६८, ३९, १३४, ४६ आणि ११०० आले. वजन ७८ किलोवरून ७४.५ झाले. आता पावसात चालणे जमणार नाही. गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर भागेल का?

उत्तर : भागणार नाही, आणि का भागणार नाही ते तुमच्याच दोन रिपोर्टांत दिसते. डी आणि बी-१२ हे दोन आकडे गोळ्यांनी वाढवले, यात शंका नाही. पण ते वाढले याचा अर्थ पोटात घेतलेली वस्तू रक्तात पोहोचली, एवढाच आहे. साखरेची सरासरी, ट्रायग्लिसराइड आणि वजन हे आकडे मात्र तुमच्या पायांनी खाली आणले, आणि त्या ‘फक्त’ने. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर महिन्याकाठी किलोभर साखर तुम्ही कमी केली. याला खाण्यात काही बदल नाही असे कसे म्हणावे?

चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा इन्सुलिनची वाट न पाहता ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि चालणे थांबल्यावरही काही काळ हेच स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. हा दुसरा परिणाम साधारण एक ते दोन दिवस, फार तर तीन दिवस टिकतो. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असे आम्ही सांगतो. पावसाळ्याचे चार महिने गोळ्यांवर काढायचे म्हटले, तर ऑक्टोबरच्या रिपोर्टात डी आणि बी-१२ उत्तम दिसतील आणि एचबीए१सी बहुधा पुन्हा सहाच्या वर गेलेले असेल.

तुमच्यासारख्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर चेन्नईत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे अडीच वर्षांच्या काळात केवळ आहार आणि व्यायामाच्या बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन या औषधाने २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र केल्याने त्याहून अधिक काही पदरात पडले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत २००४ मध्ये दोघांची शेजारी शेजारी उभी असलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिश गृहस्थांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली बारीक दिसणारी माणसेही आतून अशी असतात, म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना वजन पेलायला लावणारा व्यायाम हवा; तो तुमच्या पत्रात दिसला नाही.

आता थोडे पाणी ओतणे भाग आहे. ट्रायग्लिसराइड २३८ वरून १६८ झाले खरे, पण मार्चचे रक्त चहा-बिस्किटांनंतरचे होते आणि जूनचे उपाशीपोटीचे, शिवाय हा आकडा कोणताही उपचार न करताही दिवसागणिक बराच हलतो. तेव्हा त्यातली सगळी घट खऱ्या खात्यावर जमा करू नका. एचबीए१सीला उपाशीपोटाची अट नसते, त्यामुळे त्याची घसरण अधिक विश्वासाची. बी-१२ किंवा लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झालेला असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो आणि उपचारानंतर आपोआप उतरतो. तुमचे हिमोग्लोबिन १४.१ असल्यामुळे ही शंका मी ताणत नाही. एलडीएल हलले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण चालण्याने ते फारसे हलतच नाही. एचडीएलही सावकाश आणि थोडेच वाढते.

गोळ्यांकडे वळतो. बी-१२ची गरज होती: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. तुम्ही शाकाहारी असाल तर ही गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून कमी मात्रेत पुढे चालू राहील. मात्र गोळी चालू असताना पुन्हा पुन्हा बी-१२ तपासण्यात पैसे घालवू नयेत.

डी जीवनसत्त्वाच्या पुडीबद्दल मला अधिक काळजी वाटते. ती सहसा आठ आठवडे दर आठवड्याला आणि त्यानंतर महिन्याला एक अशी दिली जाते. तुमच्या तेरा झाल्या आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, मूतखडा आणि पुढे मूत्रपिंडाला इजा असा क्रम लागू शकतो. येत्या रविवारपासून ती थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. कमतरता भरून काढणे योग्यच आहे, पण कमतरता नसताना अधिक घेऊन काय मिळते, याचे उत्तर अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीने २०१८ मध्ये दिले: रोज २,००० युनिट डी जीवनसत्त्व घेऊनही कर्करोगाचे किंवा हृदयविकार-पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले नाही.

फिश ऑइलची बाटली हातात घेऊन तिच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम लिहिलेले असते. मागे बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे दोन माशातले ओमेगा-३) असे सापडते. म्हणजे कामाचा ऐवज ३०० मिलिग्रॅम आणि बाकी नुसते तेल. ट्रायग्लिसराइड खरोखर उतरवायला या दोन घटकांची मिळून रोज दोन ते चार ग्रॅम मात्रा लागते, आणि ती वैद्यकीय देखरेखीखाली द्यावी लागते. तुमची एक कॅप्सूल या हिशेबात कुठेच बसत नाही. जवसाची चटणी जरूर खा, ती चांगलीच आहे. पण जवसातला ओमेगा-३ वेगळ्या जातीचा असतो आणि शरीर त्यातला अगदी थोडाच भाग ईपीए-डीएचएमध्ये बदलते.

सी आणि ई या गोळ्या मात्र मी आजच बंद करीन. जर्मनीत २००९ मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला आणि त्यातल्या निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम सी व ४०० युनिट ई दिले, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांतच. व्यायामाच्या वेळी तयार होणारे ऑक्सिडंट हे स्नायूला मिळणारे एक प्रकारचे निरोप असतात, आणि गोळ्या ते निरोप वाटेतच अडवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हे इतके ठळक दिसले नाही हे खरे, पण फायदा कुठेच दिसत नसताना जोखीम कशासाठी घ्यावी? आवळा आणि पेरू खाण्यावर अर्थातच बंदी नाही.

पावसाचे म्हणाल, तर जेवणानंतर घरातल्या घरात किंवा इमारतीच्या वाहनतळात पंधरा मिनिटे चालणे, दिवसातून दोनदा चार मजले जिना चढणे, आणि एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठण्याच्या तीन फेऱ्या व भिंतीला टेकून जोर, एवढ्याला छत्रीही लागत नाही. गुडघे दुखत असतील तर जिना उतरताना लिफ्ट वापरावी.

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा असून तालमीत जातो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचे क्रिएटिनिन १.४, एसजीओटी ७८ आणि एसजीपीटी ५२ आले. तो क्रिएटीन आणि व्हे प्रोटीनची पावडर घेतो. किडनी आणि लिव्हर दोन्ही गेले असे सगळे म्हणत आहेत. आदल्या संध्याकाळी त्याने भरपूर बैठका मारल्या होत्या आणि रात्री घरी मटण होते.
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही बैठकांचा आणि मटणाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण बरेचसे उत्तर त्या एका वाक्यात आहे. क्रिएटीन शरीरात आपसूक क्रिएटिनिनमध्ये बदलत असते, त्यामुळे ती पावडर घेणाऱ्याचा, भरदार अंगाच्या माणसाचा आणि आदल्या रात्री शिजवलेले मांस खाल्लेल्याचा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही वर दिसू शकतो. एसजीओटी केवळ यकृतात नसते, स्नायूंतही भरपूर असते. दमवणाऱ्या व्यायामानंतर ते आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटीही आठवडाभर चढलेले राहू शकतात. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त आहे, ते स्नायूंकडेच बोट दाखवते.

तरीही नुसत्या तर्कावर सोडून देऊ नका. सात-आठ दिवस तालीम पूर्ण बंद, क्रिएटीन महिनाभर बंद, आदल्या दिवशी मांसाहार नाही, अशा तयारीने पुन्हा रक्त द्यावे. त्यात स्नायूंसाठी सीपीके, यकृतासाठी जीजीटी आणि बिलिरुबिन, मूत्रपिंडासाठी स्नायूंच्या आकारमानावर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन-सी, आणि लघवीतले अल्ब्युमिन पाहावे. सीपीके आणि जीजीटी नीट असूनही एसजीपीटी वर राहिले, तर यकृताचा स्वतंत्र शोध घ्यावा लागेल.

आणखी एक गोष्ट मुलाला एकटे गाठून, न रागावता विचारायची आहे. डब्यातल्या पावडरीखेरीज कुणी इंजेक्शन, गोळी किंवा लेबल नसलेली पुडी दिली आहे का? स्टेरॉइडनी यकृत, कोलेस्टेरॉल आणि पुरुषत्वाची संप्रेरके यांवर जे परिणाम होतात, त्यापुढे क्रिएटीनची चर्चा किरकोळ ठरते. प्रोटीनपुरते सांगायचे तर त्याला दूध, अंडी, डाळ आणि तुमच्या घरचे मटण यांतून पुरेसे मिळू शकते. व्हे हे सोयीचे दूध आहे, औषध नव्हे.

प्रश्न : थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ०.२, म्हणजे कमी, आणि टी-४ वाढलेले आले, पण मला धडधड, घाम, वजन घटणे असे काहीही नाही. केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिनची गोळी रोज घेते. संबंध असेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : असू शकतो, आणि तो थायरॉइडशी नव्हे, तपासणीच्या पद्धतीशी. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. तुमच्या गोळीत त्याच्या तीनशे पटींहून अधिक आहे. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत रासायनिक साखळी बायोटिनच्याच चिकटपणावर जुळवलेली असते, त्यामुळे रक्तातले जादा बायोटिन मध्ये घुसून टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवते. तीन दिवस गोळी बंद ठेवून त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा, आणि तोपर्यंत थायरॉइडचे कोणतेही औषध सुरू करू नका. छातीत दुखल्यावर करतात ती ट्रोपोनिन तपासणीही काही यंत्रांवर याच कारणाने खोटी कमी येऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. तेव्हा पुढच्या वेळी रक्त देताना ‘कोणती औषधे चालू आहेत’ या रकान्यात केसांची गोळीही लिहा; तिथे बहुतेक जण ‘काही नाही’ असे लिहितात.