आंग्र्यांविरुद्धच्या युत्या: वाचकांचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरचे मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्यावरील लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेले लोक आंग्र्यांविरुद्ध एकत्र आलेच कसे? १७२१ मध्ये कुलाब्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तर १७५५-५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न (अलिबाग): दोन युरोपीय सत्ता, शिवाय इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे. तरी कुलाबा का पडला नाही?

आधी कुलाब्याची जागा बघा. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येते, भरतीला पाणी चढते आणि भोवती सगळा खडक. मोठ्या जहाजाला अशा उथळ पाण्यात तटाला भिडता येत नाही, आणि लांबून मारलेल्या तोफेने तट फुटत नाही. म्हणून किल्ला घ्यायचा तर जमिनीवरून, आणि तोही ओहोटीच्या वेळा सांभाळून. राजाची ही जहाजे कमोडोर मॅथ्यूजची, ती मुळात मादागास्करकडच्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी आली होती. मुंबईचा गव्हर्नर बून याने ती कुलाब्याचे धनी कान्होजी आंग्रे यांच्याकडे वळवली. पायदळ मात्र पुरेसे नव्हते, ते पोर्तुगीजांकडून घ्यावे लागले. दोघांचे मिळून साधारण सहा हजार लोक चौलला जमले आणि तिथून किनाऱ्याने अलिबागकडे निघाले.

या दोघांचे आपसांतले संबंध कसे होते? मुंबई पोर्तुगीजांनी लग्नाच्या आंदणात दिलेली, पण साष्टी आणि वसई त्यांच्याकडेच राहिलेली, त्यामुळे हद्दीवरून आणि जकातीवरून रोजची कटकट. १७२० मध्येच इंग्रजांनी मुंबईतल्या चर्चचा कारभार पोर्तुगीज पाद्र्यांकडून काढून घेतला होता. आणि पुढच्याच वर्षी हे खांद्याला खांदा लावून लढणार!

पण माझ्या मते हा हल्ला फसण्याचे मुख्य कारण आपसांतला अविश्वास नाही. कान्होजी तेव्हा शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. साताऱ्याहून बाजीराव आणि पिलाजी जाधव घोडदळ घेऊन उतरले. म्हणजे हल्ला करणाऱ्यांच्या पुढ्यात तट आणि भरती, पाठीवर मराठी घोडे. डिसेंबरातला हल्ला मोडला, पोर्तुगीज फळी आधी फुटली आणि इंग्रजांना तोफा व दारूगोळा टाकून मागे फिरावे लागले. अविश्वास खरा बाहेर आला तो त्यानंतर. मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात हातातली काठी खुपसली, असे इंग्रज लेखकच सांगतात. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वरसोलीला तह केला आणि विषय मिटवला.

(जाता जाता: कुलाब्यात गाड्यावर ठेवलेल्या ज्या दोन तोफांपाशी लोक फोटो काढतात, त्या एकोणिसाव्या शतकातल्या विलायती कारखान्याच्या आहेत. कान्होजींचा त्यांच्याशी संबंध नाही.)

प्रश्न (दापोली): पेशव्यांनी आपल्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांना का बोलावले? करारात नेमके काय होते?

कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग धरून होते, पेशव्यांना जुमानत नव्हते आणि पेशव्यांच्या मुलखालाही उपद्रव देत होते. नानासाहेबांकडे फौज होती, गलबतेही होती, पण पाण्यातल्या किल्ल्याचा तट जवळून फोडतील अशा जड तोफांची जहाजे नव्हती. ती इंग्रजांकडे होती. कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईशी बोलणी केली आणि १९ मार्च १७५५ ला करार झाला. समुद्रावरची हालचाल इंग्रजांच्या सल्ल्याने, धरलेली जहाजे निम्मी निम्मी, किल्ल्यांतल्या तोफा आणि सामान पेशव्यांचे, आणि इंग्रजांना बाणकोटचा किल्ला व पाच गावे.

आता यात काय नाही ते बघा. किल्ल्यात रोकड सापडली तर ती कोणाची? तटावर आधी निशाण कोणी चढवायचे? तुळाजी एकालाच शरण आले तर दुसऱ्याचे काय? पुढचे सगळे भांडण याच तीन गोष्टींवरून झाले.

प्रश्न (हर्णै): सुवर्णदुर्गाच्या वेळी पेशव्यांचे आरमार मुद्दाम मागे राहिले, असे वाचले. खरे का?

इंग्रजांचे म्हणणे तसे आहे. कमोडोर जेम्सकडे ४४ तोफांचे प्रोटेक्टर, एक लहान जहाज आणि दोन बाँबफेकी गलबते. चौलला पेशव्यांच्या सात गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि साठेक गलबते त्याला मिळाली. सुवर्णदुर्गाजवळचे तुळाजींचे आरमार चाहूल लागताच दक्षिणेकडे पळाले. वारा पडलेला. त्यांनी गुराबा गलबतांच्या मागे बांधून वल्ही मारली, जड सामान पाण्यात फेकले, वारा धरायला पागोटीसुद्धा शिडासारखी उभारली! जेम्सने जयगडपर्यंत पाठलाग केला. एरवी त्याच्या जहाजांपेक्षा वेगाने जाणारी मराठी गलबते त्या दिवशी फार मागे राहिली.

पडत्या वाऱ्यात वल्ह्यांचे गलबत पुढे जायला हवे, म्हणून आरोपात तथ्य वाटते. पण धरलेली जहाजे निम्मी वाटायची होती, आणि जी गलबते उद्या आपल्याच आरमारात यायची त्यांच्यावर आज तोफा कोण डागील? मला ही कुचराई हिशोबी वाटते, भित्री नाही.

वेढ्याची हकीकत मात्र सावधपणे वाचावी. मराठे दोन मैलांवरून एकच लहान तोफ डागत होते आणि हनुवटीपर्यंत खड्डे खणून बसले होते, हे वर्णन इंग्रजांचे आहे. जेम्सने मात्र काम नेटके केले. त्याने आधी भोवतालची खोली मोजली. पश्चिमेचा तट खडकातच कोरल्यासारखा पक्का दिसला, म्हणून जहाज किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या खाडीत आणले आणि एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या बाजूच्या समोरच्या किनाऱ्यावरच्या ‘गोवा’ नावाच्या कोटावर लावल्या. एक गोळा शाकारलेल्या कोठारावर पडला, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि प्रतिकार संपत आला. शेवटी खलाशांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला. किल्ला करारानुसार पेशव्यांना मिळाला. पुढे दाभोळकडे चला, असा रामाजीपंतांचा आग्रह होता, पण पावसाळा तोंडावर आलेला. मुंबईच्या इंग्रजांनी जेम्सला परत बोलावले.

प्रश्न (देवगड): विजयदुर्गाला दगा कोणी दिला, इंग्रजांनी की मराठ्यांनी?

दोघेही एकमेकांच्या आधी आत शिरायला बघत होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन इंग्लंडच्या राजाच्या आरमारासह आला, बरोबर फौजेचा सेनानी क्लाईव्ह. क्लाईव्ह मुंबईला आला होता तो फ्रेंचांविरुद्धच्या दख्खन मोहिमेसाठी. ती रद्द झाल्यावर रिकामी फौज इकडे वळवली. निघण्याआधीच इंग्रजांनी लुटीच्या वाटण्या ठरवल्या. त्यातही आरमार आणि लष्कर यांची जुंपली. क्लाईव्हचा हिस्सा कमी पडतो म्हणून वॉटसनने आपल्यातून भर घालायची तयारी दाखवली. त्या यादीत मराठ्यांचा हिस्सा शून्य.

तिकडे तुळाजी रामाजीपंतांच्या छावणीत बोलणी करायला आलेले. किल्ला परस्पर मराठ्यांच्या हाती गेला असता तर इंग्रजांना लुटीतले काहीच मिळाले नसते. १२ तारखेला दुपारनंतर जहाजे दोन रांगांनी वाघोटणच्या खाडीत शिरली. मोठी जहाजे तटासमोर, लहान पलीकडच्या अंगाला. एक गोळा तुळाजींच्या ताब्यातल्या एका जहाजावर पडला, ते जहाजही पूर्वी इंग्रजांकडूनच धरलेले. आग एकमेकांना बांधलेल्या गुराबांत पसरली आणि अख्खे आरमार खाक झाले. निम्म्या वाटणीचे कलम त्याच संध्याकाळी निरर्थक ठरले.

रात्री क्लाईव्ह फौज घेऊन उतरला आणि किल्ला व मराठी छावणी यांच्यामध्ये ठाण मांडून बसला. हे पाऊल शत्रूपेक्षा दोस्ताला अडवण्यासाठी होते. १३ ला संध्याकाळी किल्ला इंग्रजांच्या हाती आला. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटली. तुळाजी मात्र मराठ्यांच्या कैदेत राहिले आणि तिथेच वारले.

१७२१ शी तुलना करायचीच तर एवढेच म्हणेन: इथले दोस्त कुलाब्याच्या दोस्तांपेक्षा जास्त प्रामाणिक नव्हते. फरक तुळाजींच्या पाठीशी होता. कान्होजींच्या मदतीला साताऱ्याहून फौज आली, तुळाजींच्या मागे तीच फौज शत्रू म्हणून उभी होती.

प्रश्न (मंडणगड): मग बाणकोटचे काय झाले?

विजयदुर्ग इंग्रज सोडेनात. पेशवे सात-आठ महिने मागणी करत राहिले. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट गावांसह इंग्रजांकडे पक्का राहिला. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. सावित्रीच्या मुखावरचा हा किल्ला म्हणजे महाडपर्यंतच्या जलवाहतुकीवर नजर. इंग्रजांनी तुळाजींचा किल्ला सोडला आणि व्यापाराची वाट घेतली. विजयदुर्गाला पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांचे आरमार बसले, आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे रेंजर जहाज धरून आणले.